व्हायोलाचा बुंधा

एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या कुठल्याही गार्डन सेंटरात गेलात तर दाराशीच जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फुलांचे ट्रे मांडलेले दिसतील. काहींवर पॅन्झी लिहिलेलं असतं, काहींवर व्हायोला. पॅन्झीचं फूल सहा-सात सेंटीमीटर रुंद, व्हायोलाचं त्याच्या निम्मंही नाही. पैसे तेवढेच मोजायचे तर मोठं फूल का घेऊ नये, असा हिशेब करून बहुतेक जण पॅन्झी उचलतात. ऑगस्टच्या मध्यावर त्या पॅन्झीच्या लांब, आडव्या पडलेल्या काड्या उरतात आणि टोकाला एखादं केविलवाणं फूल. त्याच वेळी शेजारच्या बागेत व्हायोलाचा गच्च झुबका फुललेला असतो. नीट निगा राखली तर तो ऑक्टोबरपर्यंत फुलतो आणि पुढच्या वसंतात त्याच जागी पुन्हा डोकं वर काढतो.

हा फरक फुलात शोधू नका, तो बुंध्यात आहे. रोप घेताना कुंडी हातात धरा, पानं बोटांनी बाजूला सारा आणि देठ मातीला भिडतात ती जागा बघा. पॅन्झीचा एकच जाडसर दांडा मातीतून वर आलेला असतो आणि सगळ्या फांद्या त्याला वर फुटतात. तो दांडा थकला, सडला किंवा मोडला की रोप संपलं. बहुवर्षायू व्हायोलाचे बारीक बारीक पुष्कळ फुटवे थेट मातीच्या पोटातून येतात, आणि फुललेल्या देठांच्या मुळाशी नव्या, आखूड, गडद हिरव्या कोंबांची दाटी असते. वरचे देठ हे एका हंगामाचे कामकरी; झाड म्हणून जे टिकतं ते मातीखाली बोट-दीड बोटभर खोल. व्हायोलाच्या बागकामात पुढे जे काही सांगायचं आहे ते सगळं या खालच्या भागाला जपण्यासाठी आहे.

खरेदीतली एक मेख आधीच सांगते. सहा-सहाच्या ट्रेमध्ये मिळणारे ‘व्हायोला’ बहुधा बियांपासून एका हंगामासाठी वाढवलेले असतात. ‘सॉर्बेट’सारखे हे वाण सुरेख फुलतात, थंडीलाही पुरे पडतात, पण दुसऱ्या वर्षाची खात्री नसते. टिकणारे व्हायोला दाराशी नसतात; ते आत, बहुवर्षायू झाडांच्या रांगेत, नऊ सेंटीमीटरच्या एकेकट्या कुंड्यांत, नावाची पट्टी लावून ठेवलेले असतात. किंमत जास्त आणि कुंडीवर फुलं दोन-चारच. तिथे जायचं, आणि फुलांपेक्षा कोंब मोजून रोप निवडायचं.

पॅन्झी आणि व्हायोला या दोन भावंडांचे स्वभाव इतके वेगळे का, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या दोन बागांमध्ये मिळतं. पहिली बाग इंग्लंडच्या बकिंगहॅमशरमधल्या आयव्हर गावी लॉर्ड गॅम्बिअर या निवृत्त आरमारी सेनापतीची. त्याचा माळी विल्यम थॉम्पसन याने शेताच्या कडेला उगवणारी तिरंगी रानटी हार्टसीज गोळा केली, निवडली, इतर जातींशी तिचा संकर केला, आणि वीस-पंचवीस वर्षांत चेहऱ्यासारखा काळा डाग असलेली मोठी पॅन्झी जन्माला आली. पुढे तिची प्रदर्शनं सुरू झाली. प्रदर्शनात फूल खुडून फळीवर मांडायचं. ते किती गोल, किती सपाट, कडा किती रेखीव, यावर बक्षीस. झाड परीक्षकाच्या नजरेसमोर येतच नव्हतं. मग निवड कशाची होणार? फुलं पिढ्यान् पिढ्या मोठी होत गेली आणि झाड मात्र जसं होतं तसं, अल्पायुषी, एकदांडी राहिलं.

दुसरी बाग स्कॉटलंडमधली. एडिंबरामधल्या डिक्सन यांच्या नर्सरीत जेम्स ग्रीव्ह नावाचा जाणकार माणूस काम करत होता. (याच नावाचं सफरचंदही त्याचंच.) १८६०च्या दशकात त्याने पॅन्झीचा संकर डोंगरी जातींशी करायला घेतला. त्यातली एक स्कॉटलंडच्याच टेकड्यांवरची पिवळी व्हायोला ल्युटिया, आणि दुसरी स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतातली व्हायोला कॉर्न्युटा. त्यानंतर बेरिकशरमधल्या चर्नसाइड गावचे डॉक्टर चार्ल्स स्ट्युअर्ट यांनी कॉर्न्युटाला मादी धरून तिच्यावर पॅन्झीचे परागकण घातले आणि त्या संततीतून निवड करत गेले. फुलावरच्या काळ्या रेषाही त्यांना नको होत्या. १८८०च्या दशकात त्यांच्या हाती एक लहानसं, पांढरं, रेषाहीन, सुवासिक फुलाचं झुबकेदार झाड आलं. त्याला त्यांनी ‘व्हायोलेट्टा’ म्हटलं. आजच्या टिकाऊ व्हायोलांपैकी कित्येकांच्या वंशावळीत ही स्कॉटिश मेहनत आहे.

यातली कॉर्न्युटा नीट ओळखून घेतली की अर्धं बागकाम आपोआप कळतं. ती डोंगरी कुरणातली रहिवासी. मुळांना वितळलेल्या बर्फाचं गार, वाहतं पाणी. डोक्यावर ऊन, पण रात्री थंड. आजूबाजूला गवत, म्हणजे पायाशी सावली. उन्हाळ्यात कुरणात गुरं शिरतात, गवत कापलं जातं, आणि वरचं सगळं गेलं तरी हे झाड खालून पुन्हा फुटतं. गार मुळं, मोकळा निचरा आणि अधूनमधून मुंडण, या तिन्ही गोष्टींची तिला पिढीजात सवय आहे. आपण बागेत फक्त त्या सवयी पुरवायच्या.

जागेपासून सुरुवात करू. एडिंबरा किंवा अॅबरडीनमध्ये दिवसभराचं ऊन चालतं. लंडन, केंट किंवा लेस्टरच्या भागात सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा शोधा. पूर्वेकडची भिंत, उंच झाडाची कड, गुलाबांच्या पायाशी मोकळी राहिलेली माती. गुलाबाखाली व्हायोला लावायची इथे जुनी पद्धत आहे आणि दिसतंही छान, पण गुलाबाची मुळं पाणी ओढतात, तेव्हा तिथे पाण्याचा हात सढळ ठेवावा लागतो. ज्या कोपऱ्यात हिवाळ्यात पाणी साचतं तो सरळ टाळा. उणे दहा-पंधरा अंशांची थंडी कॉर्न्युटाचा बुंधा सोसतो. थंडीत महिनोन्महिने चिखलात बसणं त्याला सोसत नाही. थंडीने मेला असं आपण म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा कुजलेला असतो.

मातीत जुनं कंपोस्ट किंवा पानांचं कुजलेलं खत भरपूर मिसळा. जमीन चिकणमातीची असेल तर बारीक खडीही घाला. किंचित आम्लधर्मी माती या कुळाला मानवते आणि त्याला कारण आहे: मुळं काळी पाडून कुजवणारी एक बुरशी चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत जास्त माजते, म्हणून पॅन्झी-व्हायोलाची रोपं वाढवणारे व्यावसायिक मातीचा सामू साडेपाच-सहाच्या आसपास ठेवतात. घरच्या बागेत एवढं मोजमाप करायची गरज नाही, पण मूठभर चुना ‘चांगला असतो’ म्हणून टाकायची सवय इथे नको.

लावताना रोप कुंडीत होतं त्याहून दोन-तीन सेंटीमीटर खोल बसवा. इतर बहुतेक झाडांच्या बाबतीत हा सल्ला कोणी देणार नाही, कारण बुंधा पुरला की सडतो. व्हायोलाच्या देठांना मात्र माती लागली की तिथून मुळं फुटतात, आणि प्रत्येक देठ स्वतःच्या मुळांवर उभा राहिला की झुबका एकाच बुडख्यावर अवलंबून राहत नाही. दोन रोपांत पंचवीस-तीस सेंटीमीटर अंतर ठेवा. पहिल्या वर्षी जागा रिकामी वाटेल. दुसऱ्या वर्षी वाटणार नाही. लावल्यावर भरपूर पाणी, आणि रोपांच्या मधल्या जागेत तीन-चार सेंटीमीटर कंपोस्टचं आच्छादन. पाण्याचं म्हणाल तर रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर द्या, तेही पानांवर नाही, मुळाशी.

आता फुलाकडे. एक फूल खुडून तळहातावर घ्या. दोन पाकळ्या वर, दोन बाजूंना, आणि पाचवी खाली, कीटकाला उतरायला ओट्यासारखी. खालच्या पाकळीची मागची बाजू लांबून एक पोकळ शेपटी झालेली असते. कॉर्न्युटामध्ये ती सेंटीमीटरहून लांब, फुलाच्या मागे स्पष्ट डोकावणारी. नखाने ती शेपटी उभी चिरली तर आत दोन बारीक हिरवट सोंडा दिसतात. पाच पुंकेसरांपैकी खालच्या दोघांची ती शेपटं; मकरंद तेच पाझरतात आणि तो शेपटीच्या तळाशी साठतो. पाकळ्यांवरच्या काळ्या रेषा सगळ्या त्याच तोंडाशी येऊन मिळतात. मधमाशी रेषांच्या वाटेने डोकं खाली घालते, सोंड आत सरकवते. पुंकेसरांचा बंद शंकू हलतो आणि कोरडे परागकण तिच्या अंगावर सांडतात. पुढच्या फुलात शिरताना ते स्त्रीकेसराच्या टोकाच्या पोकळीत घासले जातात. फुलाचं काम झालं. पाकळ्या सुकतात आणि आत बोंड धरायला लागतं.

इथून पुढे झाडाचा आणि माळ्याचा हेतू वेगळा होतो. झाडाला बी हवं, आपल्याला फूल. बी भरायला लागलं की पानांनी केलेली साखर तिकडे वळते, आणि वाढत्या बियांकडून मिळणाऱ्या संकेतांनी नव्या कळ्यांचा वेग मंदावतो. पाच-सहा बोंडं राहून गेली तरी झुबक्यात फरक दिसतो. म्हणून सुकलेली फुलं वेचायची, पण नुसत्या पाकळ्या नाहीत. पाकळ्या ओढून काढल्या तर वाफा स्वच्छ दिसतो आणि बोंड जागच्या जागी राहतं; हे काम न केल्यासारखंच. फुलाचा दांडा खाली पानाच्या बेचक्यापर्यंत बोटाने माग काढत जायचं आणि तिथे अंगठ्याच्या नखाने तोडायचा.

गोंधळ होतो तो कळी आणि बोंड ओळखण्यात, कारण दोघंही मान खाली घालून असतात. कळी निमुळती, टोकाला रंगाची चाहूल असलेली. बोंड गोलसर, टणक, हिरवं, आणि दाबलं तर कळीसारखं दबत नाही. पक्व होताना ते मान सरळ करून वर बघायला लागतं. तोवर तोडलं नसेल तर आता उशीर झाला. एक-दोन दिवसांत ते तीन फाकांत उघडतं, प्रत्येक फाक होडीच्या आकाराची आणि तिच्यात गुळगुळीत बियांची ओळ. फाक वाळत जाते तशा तिच्या कडा आत मिटतात आणि बी चिमटीत दाबल्यागत उडून लांब जाऊन पडतं. बीवर एक पांढुरका, तेलकट ठिपका असतो. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात. दगडी फरशीच्या फटीत तुम्ही न लावलेला व्हायोला उगवला तर तो अशा प्रवासाने आलेला.

फुलं ताजी असतानाही तोडायला हरकत नाही, उलट चांगलंच. आपल्याकडे रोज सकाळी देवासाठी परडीभर फुलं तोडणारा माणूस झाडाला बोंड धरू देत नाही. व्हायोलाला तेच हवं असतं. माझ्या देवघरात उन्हाळाभर जास्वंदीच्या जागी व्हायोला असतात आणि देवाने अजून तक्रार केलेली नाही. फुलं खाताही येतात, श्रीखंडावर जांभळी पाकळी झकास दिसते; फक्त नर्सरीतून नुकतं आणलेलं फवारलेलं रोप असेल तर ती फुलं ताटात नकोत.

इतकं सगळं करूनही जूनअखेर असा एक दिवस येतो की झुबका बिघडायला लागतो. देठ लांबतात, मधोमध भगदाड पडतं, फुलं बारीक होतात. लोक इथे चुकतात ते झाड म्हातारं झालं असं समजून. झाड म्हातारं झालेलं नसतं, फक्त वरचे देठ थकलेले असतात. कारण उष्णता. दिवसाचं तापमान दहा ते वीस अंशांत असलं की व्हायोला खुशीत असतो. पंचविशीच्या पुढे, विशेषतः रात्रीही उकाडा राहिला तर, दिवसा कमावलेली साखर श्वसनात खर्च होते. देठ उंच, पोकळ आणि मऊ होतात, फुलाला शिल्लक काही उरत नाही. यावर खताचा मारा केला तर अजून पानं आणि अजून मऊ देठ मिळतील. इलाज कात्रीचा आहे.

छाटणीची वेळ जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत, स्कॉटलंडमध्ये आठवडा-दोन आठवडे उशिरा. आदल्या दिवशी पाणी पाजून ठेवा. सकाळी झुबक्याची एक मूठ धरा, वर उचला आणि खाली डोकावून बघा. पिवळट, पोकळ, गवताच्या काडीसारखे जुने देठ, आणि त्यांच्या पायाशी अंगठ्याएवढे कोंब. पानं घट्ट जवळजवळ, रंग वरच्या पानांपेक्षा गडद. हे कोंब दिसले की डोळे झाकून कापा, मातीपासून पाच-सात सेंटीमीटर ठेवून सगळं. अजून वीस-तीस फुलं उमललेली असतात, म्हणून हात अडखळतो. अडखळू देऊ नका. ती फुलं पेल्यात ठेवा. कोंब दिसलेच नाहीत तर मात्र थांबा: वरचे अर्धे देठ आखूड करा, पाणी द्या, आठवडा-दीड आठवड्यात उजेड आत पोचून कोंब फुटतील, मग उरलेले कापा.

कापल्यावर बुंधा उघडा, भुंडा दिसतो. त्यावर चाळलेलं कंपोस्ट आणि बारीक वाळू समप्रमाणात मिसळून अशी भुरभुरा की कोंबांची टोकं वर राहतील आणि मधल्या फटी भरतील. मग टोमॅटोसाठी मिळणारं पोटॅशयुक्त पातळ खत निम्म्या तीव्रतेने द्या, आणि माती कोरडी पडू देऊ नका. चार ते सहा आठवड्यांत पुन्हा फुलं, तीही एप्रिलच्या तोलाची, आणि गार होत जाणाऱ्या हवेत टिकणारी. वाफा मोठा असेल तर निम्मी रोपं आधी कापा, बाकीची तीन आठवड्यांनी, म्हणजे बाग फार दिवस रिकामी राहत नाही. नत्राचं खत उन्हाळ्यात अजिबात नको. माव्याला आमंत्रण दिल्यासारखं होतं.

आता पुण्या-नाशिकच्या वाचकाच्या मनात येईल, आमच्याकडे का नाही? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याकडेही पॅन्झी-व्हायोलाची रोपं नर्सरीत येतात, डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत मनापासून फुलतात, आणि मार्चच्या उन्हात बसतात. ती बसणारच. पुण्यातल्या एप्रिलच्या रात्री त्यांना सोसवत नाहीत. थंड हवेचं ठिकाण म्हणून महाबळेश्वरला लावली तर उन्हाळ्यातून एखादं रोप तगेलही, पण पुढचा पाच हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस बुंधा कुजवेल. आपल्याकडे व्हायोलाला एका हंगामाचा पाहुणा समजावं, फुलं खुडत राहावीत, कुंडी दुपारी सावलीत सरकवावी आणि शिमग्यानंतर ती दुसऱ्या रोपाला द्यावी. बी पेरायचं तर घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, मातीने झाकून. पंचवीस अंशांच्या वर ते उगवायला फार कुरकुरतं. या कुळातलं आपल्या मातीचं झाड हवं असेल तर पावसाळ्यात माळरानावर गवतात रतनपुरुष शोधा. वीतभर उंच, आणि फुलाला खाली लोंबणारी एकच मोठी गुलाबी-जांभळी पाकळी. त्याचंही बोंड तीन फाकांतच उघडतं.

पुन्हा ब्रिटनकडे. जुलैची छाटणी झाली की त्याच वेळी जुन्या रोपाच्या तुकड्यांपासून पुढच्या वर्षाची रोपं करायची संधी असते, आणि नाव असलेल्या वाणांसाठी दुसरा मार्गच नाही. बियांतून येणारी पोरं आईसारखी निघतील याचा भरवसा नसतो. ‘मॅगी मॉट’ हा फिकट जांभळा, सुगंधी वाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लोकांच्या बागांत आहे. आज कुणाच्याही वाफ्यातली मॅगी मॉट म्हणजे त्या एकाच मूळ रोपाचा, हातोहात वाढवत आणलेला तुकडा. मध्ये कुठेतरी सगळ्यांनी कलमं करायचा कंटाळा केला असता तर ती संपली असती. जुन्या व्हिक्टोरियन वाणांपैकी पुष्कळ तसे संपलेही.

कलम करायला फुलाचा देठ घेऊ नका. तो पोकळ असतो, मुळं धरण्याआधी सडतो. बुंध्यातला न फुललेला, पाच सेंटीमीटरचा कोंब घ्या. माती थोडी उकरून तो खालून अलगद ओढला तर पुष्कळदा पांढऱ्या मुळांचे टोकदार अंकुर घेऊनच सुटतो. तसा मिळाला तर अर्धी लढाई जिंकली. खालची पानं काढा, आणि पानाच्या देठापाशी असलेली दातेरी उपपर्णंही खुडा, ती मातीत कुजतात. निम्मं कंपोस्ट, निम्मी खडी किंवा पर्लाइट अशा मिश्रणात, कुंडीच्या काठाकाठाने कोंब खोचा, पाणी द्या आणि उत्तरेच्या भिंतीपाशी सावलीत ठेवा. मुळं फुटण्यासाठी लावायची पूड लागत नाही. तीन-चार आठवड्यांत मधलं पान ताजं हिरवं दिसायला लागलं की मुळं धरली समजा.

याहून आळशी पद्धत म्हणजे बुंध्यावर भुरभुरलेल्या त्या वाळू-कंपोस्टने केलेली. सप्टेंबरमध्ये झुबका खुरप्याने उचलला तर जवळजवळ प्रत्येक फुटव्याला स्वतःची मुळं आलेली असतात. हातानेच सुटे करायचे. मला विचाराल तर घरच्या बागेला हीच पद्धत पुरेशी आहे, कलमांचा खटाटोप दुर्मीळ वाणांसाठी राखून ठेवावा. छोटी रोपं हिवाळाभर काचेच्या झाकणाच्या पेटीत, म्हणजे कोल्ड फ्रेममध्ये, झाकण दिवसा थोडं उघडं ठेवून, आणि मार्चअखेर बाहेर. हिवाळ्यात गोठण्या-वितळण्याने माती फुगून नवी रोपं वर उचलली जातात. थंडीची लाट ओसरली की फिरून ती अंगठ्याने परत दाबून बसवायची.

वाणांत सुरुवात कशाने करावी? साध्या कॉर्न्युटाने, जांभळ्या किंवा ‘अल्बा’ या पांढऱ्या. ती जवळजवळ अमर आहे आणि अडाणी हातातही फुलते. मग गडद जांभळा ‘हंटरकूम पर्पल’, सुगंधासाठी ‘मॅगी मॉट’, आणि पांढरट पाकळीच्या कडेला जांभळे शिंतोडे असलेली ‘रिबेका’. काळ्या ‘मॉली सँडरसन’वर सगळे भुलतात. ती दिसते देखणी, पण आयुष्य कमी. दरवर्षी कलम करणार असाल तरच घ्या. ‘आयरिश मॉली’ हिरवट-पिवळ्या-तपकिरी रंगाची, जवळून अप्रतिम आणि चार पावलांवरून चिखलासारखी दिसणारी. ती कुंडीत, दाराशी ठेवावी.

शत्रूंमध्ये पहिली गोगलगाय, वसंतातल्या कोवळ्या कोंबांवर. रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच खरा उपाय. मावा पानाखाली लपतो, पाण्याच्या फवाऱ्याने पडतो. उन्हाळ्याच्या शेवटी भुरी येते ती मुळं कोरडी पडली म्हणून; पाणी वाढवा आणि रोगट पानं काढा. पानामागे तांबेऱ्याच्या नारिंगी पुळ्या दिसल्या तर ते रोप कंपोस्टच्या ढिगात न टाकता कचऱ्यात द्या.

एका रोगाला मात्र औषध नाही. हिरवंगार रोप एका दुपारी मान टाकतं, पाणी घालूनही उठत नाही, ओढलं तर मुळांविना हातात येतं. इथले जुने माळी याला ‘पॅन्झी सिकनेस’ म्हणतात. एकाच जागी वर्षानुवर्षं हेच कुळ लावल्याने मातीत साठलेल्या बुरश्यांचं हे काम. रोप आणि आजूबाजूची टोपलीभर माती काढून टाका. तसंही तीन-चार वर्षांनी झुबका मधोमध लाकडासारखा कडक होतो आणि बदलायला लागतो, तेव्हा तुमच्याकडे कोल्ड फ्रेममध्ये नवी रोपं तयार असतील. ती दुसऱ्या जागी लावा. जुन्या वाफ्यात पुढची काही वर्षं लसूण, कांदे, झेंडू, काहीही येऊ द्या, फक्त व्हायोला नको.